औंढा नागनाथला लायगो कशाला हवंय, आणि त्यात इंदूरचं काय काम?

इंदूरमध्ये कोणालाही कॅट कुठे आहे विचारा, लगेच पत्ता सांगतील, कॅट रोड तर सगळ्यांच्या तोंडी आहे, पण आत नक्की काय चालतं असं विचारलं की बहुतेक जण "काहीतरी अॅटॉमिक एनर्जीचं आहे" इथवर येऊन थांबतात. कॅट हे जुन्या इंग्रजी नावाचं (सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) छोटं रूप, आताचं खरं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. १९८४ मध्ये पायाभरणी झाली, लेझर आणि पार्टिकल अॅक्सिलरेटर ही मुख्य कामं, इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन मोठी सिंक्रोट्रॉन यंत्रं तिथे आहेत. आणि गेली काही वर्षं तिथे अजून एक काम चालू आहे, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण रामबागेत काय की लोकमान्य नगरात काय, आपल्या गप्पांमध्ये चांद्रयान येतं, गगनयान येतं, शुभांशु शुक्ला येतात, पण लायगो इंडिया काही येत नाही. मला तर वाटतं की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशातून होणारं खगोलशास्त्रातलं सगळ्यात मोठं काम हेच असेल.

लायगो इंडिया ही अमेरिकेतल्या लायगोसारखीच गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. ती होणार मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. हो, तेच ज्योतिर्लिंगाचं औंढा, ज्या देवळाचा जीर्णोद्धार आपल्या अहिल्याबाईंनी केला. प्रकल्पात मुख्य चार संस्था आहेत: पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, गांधीनगरची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च, अणुऊर्जा खात्याची बांधकामाची बाजू बघणारी मुंबईची डीसीएसईएम, आणि आपलं कॅट. आयुकाकडे जागेची निवड आणि डेटाचं काम, गांधीनगरकडे व्हॅक्यूम, आणि लेझर, आरसे, ते आरसे टांगायची यंत्रणा म्हणजे खुद्द डिटेक्टरचं काळीज म्हणावं असं काम इंदूरकडे.

आता ह्या लहरी म्हणजे काय ते बघू. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये मांडलं की वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात आणि आपण ज्याला गुरुत्वाकर्षण म्हणतो ते त्या वाकण्यामुळेच असतं. पुढच्याच वर्षी त्याने सांगितलं की दोन जड वस्तू एकमेकींभोवती गरगर फिरल्या तर हे वाकणं एका जागी राहणार नाही, लहरींसारखं चारी बाजूंना पसरत जाईल, तेही प्रकाशाच्या वेगाने. अशी लहर तुमच्या अंगातून गेली तर काय होईल? समजा डोक्यावरून खाली आली, तर तुम्ही एका बाजूने कणभर रुंद व्हाल आणि त्याच्या काटकोनातल्या बाजूने कणभर अरुंद, आणि मग लगेच उलट. अवकाशच ताणलं जातं, त्यामुळे त्यातलं सगळंच ताणलं जातं. आणि ह्या लहरींना काहीच अडवत नाही, धूळ नाही, तारे नाहीत, अख्खी पृथ्वी नाही. प्रकाशाचं तसं नसतं, तो ढगात अडकतो, धुळीत अडकतो, आणि कृष्णविवरातून तर बाहेरच पडत नाही, म्हणून दोन कृष्णविवरांची टक्कर दुर्बिणीतून दिसणं जवळपास अशक्य. तिथे ह्या लहरीच कामाला येतात.

शंभर वर्षं हे कागदावरच होतं. मध्ये १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (मोठा तारा मेल्यावर उरणारा अतिशय घट्ट गोळा म्हणजे न्यूट्रॉन तारा) एक जोडी सापडली आणि पुढे लक्षात आलं की ते तारे हळूहळू जवळ येत चाललेत, अगदी तेवढेच जेवढे लहरींमधून ऊर्जा गेल्यावर यायला हवेत. १९९३ चं नोबेल त्यांना मिळालं. पण प्रत्यक्ष लहर कोणी पकडली नव्हती. ती पकडली गेली १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजून गेले होते. आधी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरने आणि सात मिलीसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या डिटेक्टरने तोच सिग्नल नोंदवला, कसाबसा ०.२ सेकंद टिकणारा. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळली होती आणि तयार झालेलं कृष्णविवर ६२ पटीचं होतं. ३६ आणि २९ ची बेरीज ६५, मग तीन सूर्य गेले कुठे? ते सगळे लहरींची ऊर्जा होऊन निघून गेले. त्या शेवटच्या क्षणी जेवढी ऊर्जा बाहेर पडत होती ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्र प्रकाशापेक्षाही जास्त होती. आणि एवढं होऊनही पृथ्वीवर पोचेपर्यंत उरलं काय, तर चार किलोमीटर लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचा फरक. २०१७ चं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं. वाइस २०२५ च्या ऑगस्टमध्ये वारले, ह्या यंत्राची मूळ कल्पना कागदावर तपशीलवार मांडण्यात त्यांचा हात सगळ्यात मोठा.

एवढा फरक मोजतात कसा, हा खरा मजेशीर भाग आहे, इथे जरा थांबू. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन नळ्या असतात, प्रत्येक चार किलोमीटर लांब. कोपऱ्यात लेझर. त्याचा किरण दुभागून एक भाग ह्या नळीत, दुसरा त्या नळीत, टोकाला आरसे, किरण आपटून परत येतात आणि कोपऱ्यात भेटतात. मांडणी अशी की परत आलेले दोन किरण एकमेकांना बरोबर मारून टाकतात, म्हणजे बाहेर ठेवलेल्या सेन्सरवर जवळजवळ अंधार. लहर आली की एक नळी थोडी लांबते, दुसरी आखडते, किरणांचं जुळणं बिघडतं आणि सेन्सरवर उजेड पडतो, त्या उजेडाच्या चढउतारातून लहरीचा आकार मिळतो. त्यात अजून एक युक्ती अशी की किरण एकदा जाऊन परत येत नाही, नळीतच दोन आरशांच्या मध्ये तीनशेएक वेळा येरझाऱ्या घालतो, त्यामुळे चार किलोमीटरची नळी कामापुरती १२०० किलोमीटरची होते.

आता अडचणी ऐका. चार किलोमीटर म्हणजे इतकं अंतर की त्यात पृथ्वीचा गोलावा मोजावा लागतो, सव्वा मीटरच्या आसपास फरक पडतो, नळी एकदम सरळ हवी तर जमीन तेवढी भरून-कापून घ्यावी लागते. नळीच्या आतली हवा इतकी काढावी लागते की बाहेरच्या दाबाचा एक लाख-कोटीवा हिस्सा उरतो. आरसे एकेक ४० किलोचे, शुद्ध सिलिका काचेचे, आणि ते टांगलेले असतात काचेच्याच तंतूंवर, जाडी ०.४ मिलिमीटर. एकाखाली एक असे चार लोलक, सगळ्यात खाली आरसा, म्हणजे वरून जमीन हलली तर प्रत्येक पायरीवर ती हालचाल कमी कमी होत जाते आणि आरशापर्यंत पोचतच नाही. तारेऐवजी काचेचे तंतू का, तर धातूच्या तारेत उष्णतेमुळे जी बारीक थरथर असते ती आरशात उतरते, काचेत ती फार कमी असते. कॅटमधल्या लोकांसमोर जे काम आहे ते ह्या जातीचं आहे आणि म्हणूनच मला त्याचं एवढं कौतुक वाटतं, कारण ह्यात नुसतं महाग सामान आणून जोडलं असं होत नाही, हात तयार व्हावे लागतात, माणसं तयार व्हावी लागतात.

एवढं सगळं करूनही गोंधळ असतोच. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात त्याची थरथर शेकडो किलोमीटरवरून येते, लिव्हिंग्स्टनजवळ झाडं तोडतात त्याची येते, रेल्वेची येते, लांबच्या रस्त्यावरून ट्रक जाऊन राहिला तरी येते. हॅनफर्डला एकदा डेटात विचित्र टकटक दिसायला लागली, शोधाशोध केल्यावर कळलं की थंड पाइपवर जमलेला बर्फ डोमकावळे चोचीने फोडत होते! मग पाइपाला आवरण घातलं. शेवटी उरतो तो खुद्द प्रकाशाचाच गोंधळ, कारण लेझर म्हणजे फोटॉनांचा प्रवाह आणि फोटॉन काही मोजून-मापून एकसारखे येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून "स्क्वीझ्ड लाइट" वापरतात, प्रकाशाच्या एका गुणातली अनिश्चितता दाबायची आणि दुसऱ्यात ती वाढली तर वाढू द्यायची. २०२३ पासून हे तंत्र आणखी सुधारून वापरलं जातंय आणि त्यामुळे आधीपेक्षा लांबचे सिग्नल यायला लागले.

औंढ्याची जागा निवडताना हेच सगळं बघितलं. समुद्र लांब, मोठे कारखाने लांब, जमीन सपाट, शांत. काही जण विचारतात की मराठवाड्यात किल्लारी झालं, २०२४ मध्ये हिंगोलीलाच धक्के बसले, मग तिथे कशाला? प्रश्न रास्त आहे. भूकंप आला की आरसे आणि लेझर यांचं जे बारीक जुळलेलं असतं, ज्याला तिथले लोक "लॉक" म्हणतात, ते सुटतं आणि परत जमवायला वेळ लागतो. पण हे जगातल्या सगळ्याच डिटेक्टरना भोगावं लागतं, हजारो किलोमीटरवरचा मोठा भूकंपही अमेरिकेतलं लॉक सोडवतो, आणि जपानच्या कागरा डिटेक्टरला तर १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपाने चांगलाच फटका दिला होता. अधूनमधून येणाऱ्या धक्क्यापेक्षा रोजची, सतत चालणारी बारीक थरथर जास्त नडते, आणि ती औंढ्याला कमी आहे.

बरं, अमेरिकेत दोन आहेत, इटलीत पिसाजवळ व्हर्गो आहे, जपानमध्ये कागरा आहे, मग भारतात अजून एक कशाला? २६०० कोटी रुपये लागणार आहेत, २०२३ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने ते मंजूर केले, तर हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि ह्याचं उत्तर मला अख्ख्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

हे डिटेक्टर म्हणजे कॅमेरे नव्हेत, त्यांचं वागणं कानांसारखं. राजवाड्याच्या गर्दीत मागून कोणी हाक मारली तर आपली मान बरोबर त्या बाजूला वळते, कारण आवाज एका कानाला जरा आधी पोचतो. एकाच डिटेक्टरने लहर पकडली तर ती कुठून आली हे जवळपास कळतच नाही. दोघांनी पकडली तर दोघांच्या वेळेतल्या फरकावरून आकाशात एक गोल पट्टा मिळतो, त्या पट्ट्यावर कुठेतरी. २०१५ चा पहिला सिग्नल असाच ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी होता, पौर्णिमेचा चंद्र ०.२ चौरस अंशाचा असतो, म्हणजे बघा. तिसरा असेल तर पट्टे दोन ठिकाणी छेदतात. चौथा असेल तर जागा एकच उरते. आणि कान जितके लांब लांब तितकं चांगलं: अमेरिकेतले दोन एकमेकांपासून ३००० किलोमीटरवर, तर औंढा ते हॅनफर्ड पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेत मोजलं तर १० हजार किलोमीटरच्या वर. पोटातून मोजायचं कारण लहर पोटातूनच जाते.

ह्याने फरक काय पडतो ते दोन घटनांमधून लख्ख दिसतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, शंभरेक सेकंद चालली. लहर संपल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. अमेरिकेतल्या दोघांना सिग्नल दणदणीत मिळाला आणि व्हर्गोला अगदी क्षीण, आता वाटेल की मग व्हर्गोचा उपयोग काय, तर उपयोग हाच, प्रत्येक डिटेक्टरला काही दिशांचं ऐकू कमी येतं आणि व्हर्गोला कमी ऐकू आलं म्हणजे स्रोत त्याच दिशांपैकी एकीत असणार. जागा २८ चौरस अंशांवर आली. बाराएक तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीने वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ आकाशगंगेत नवा ठिपका शोधून काढला, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. मग जगातल्या सत्तरेक वेधशाळा तिकडे वळल्या, आपली नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही. त्या प्रकाशाच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम सापडलं, आणि सोनं-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींमध्ये तयार होतात ह्याचा तोपर्यंतचा सगळ्यात ठोस पुरावा मिळाला. सराफ्यात दिवसा जे सोनं तोललं जातं त्यातलं निदान काही तरी सूर्य जन्मायच्या आधी अशाच कुठल्यातरी टकरीत घडलेलं असणार.

आता दुसरी घटना. २५ एप्रिल २०१९. परत दोन न्यूट्रॉन तारे, साधारण ५० कोटी प्रकाशवर्षांवर. नेमकं त्या वेळी हॅनफर्ड बंद. लिव्हिंग्स्टनने पकडलं, व्हर्गोला एवढ्या लांबचं काही नीट कळलं नाही. जागा मिळाली ८००० चौरस अंशांहून मोठी, आकाशाचा जवळपास पाचवा हिस्सा. जगभरच्या लोकांनी रात्रंदिवस शोधलं आणि काहीच सापडलं नाही. न प्रकाश, न आकाशगंगेचं नाव. तिथे एक चांगला कान जास्त असता तर कदाचित २०१७ सारखाच खजिना हाती लागला असता, आणि ही हळहळ मला तरी आजही वाटते. यंत्रं दुरुस्तीसाठी बंद राहतात, लॉक सुटतं, वीज जाते, म्हणून जगात कुठल्याही क्षणी तीन-चार चांगली यंत्रं चालू हवी असतील तर मुळात पाच हवीत. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी बजेटच्या प्रस्तावात दोन लायगोंपैकी एक बंद करायचंच सुचवलं होतं, त्यावर शास्त्रज्ञांनी भरपूर ओरड केली, पण असं काही सुचू शकतं एवढ्यावरूनच कळतं की सगळी भिस्त एका देशावर ठेवणं बरं नाही.

जागा कळल्याने अजून एक जुनं भांडण सुटू शकतं. विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय हे मोजायच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत, विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून ६७ च्या आसपास येतं आणि जवळच्या तारे-सुपरनोव्हांवरून ७३ च्या आसपास (एकक आहे दर मेगापार्सेकला, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर). गुरुत्वीय लहर ही तिसरी, पूर्ण वेगळी पद्धत. लहरीच्या जोरावरूनच अंतर थेट कळतं, मधल्या पायऱ्या लागत नाहीत, आणि आकाशगंगा सापडली तर तिच्या प्रकाशावरून ती लांब जायचा वेग कळतो. २०१७ च्या एका घटनेवरून ७० आलं, पण चुकीची शक्यता दोन्हीकडे इतकी मोठी की दोघंही आपलंच खरं म्हणू शकतात. अशा पन्नास-शंभर घटना मिळाल्या तर निकाल लागेल, आणि त्यासाठी जागा कळायलाच हवी.

मधल्या काळात बातम्या थांबलेल्या नाहीत. २३ नोव्हेंबर २०२३ ला पकडलेल्या सिग्नलमधून सूर्याच्या साधारण २२५ पटीचं कृष्णविवर तयार झालेलं दिसलं, त्यात मिसळलेली दोन इतकी जड की एका ताऱ्याच्या मरणातून ती सरळ तयार होणं कठीण मानलं जातं, बहुधा आधीच्या टकरींमधून वाढलेली असावीत. आणि १४ जानेवारी २०२५ चा सिग्नल तर आजवरचा सगळ्यात स्वच्छ. आकडे जवळजवळ २०१५ सारखेच, अंतरही तेवढंच, पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारलीत की तेव्हा जे पुसट होतं ते आता ठसठशीत. त्यावरून हॉकिंगचं १९७१ चं म्हणणं तपासता आलं, की कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधीच कमी होऊ शकत नाही. टकरीआधी दोघांचं मिळून २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर ४ लाख. आपला मध्य प्रदेश ३ लाख ८ हजारांचा आहे, म्हणजे दोन मिळून प्रदेशापेक्षा लहान होते आणि एक झाल्यावर मोठं झालं, वस्तुमान कमी होऊनसुद्धा!

ह्याच सिग्नलमध्ये नवीन कृष्णविवर टकरीनंतर थरथरून शांत होतं ती थरथर अगदी स्पष्ट दिसली. अशी थरथर असते आणि तिच्यावरून कृष्णविवर ओळखता येईल हे १९७० मध्ये दाखवणारे होते आपले सी. व्ही. विश्वेश्वरा, पुढे बेंगळुरूच्या नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक. तसंच गोंगाटातून सिग्नल वेगळा काढायचा तर आधी हजारो संभाव्य आकार तयार ठेवून डेटाशी ताडून बघावे लागतात, त्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकाचे संजीव धुरंधर आणि त्यांच्याबरोबर काम केलेले बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा, १९९१ चा त्यांचा शोधनिबंध. म्हणजे आपण ह्यात उशिरा आलोय असं अजिबात नाही, यंत्र तेवढं नव्हतं.

यंत्राचं असं आहे की हॅनफर्डला मुळात दोन डिटेक्टर बसवायचे होते, त्यातल्या एकाचे भाग अमेरिका भारताला देणार आहे, आणि इमारती, नळ्या, व्हॅक्यूम, जोडणी, चालवणं हे सगळं आपलं. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ला मिळाली होती, पूर्ण मंजुरीला २०२३ उजाडलं. मधली सात वर्षं मला फार लांब वाटतात, खरं सांगायचं तर. २०३० चं उद्दिष्ट धरलंय.

ज्यांच्या घरी शाळा-कॉलेजातली मुलं आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. लायगोचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, पैसे लागत नाहीत, आणि झूनिव्हर्स ह्या वेबसाइटवर ग्रॅव्हिटी स्पाय नावाचा प्रोजेक्ट आहे, त्यात डेटामधल्या गोंधळाची चित्रं दाखवतात आणि ती कुठल्या प्रकारची आहेत ते आपण निवडायचं. काही प्रकार तर असेच सामान्य लोकांनी पहिल्यांदा ओळखलेत. इंग्रजी थोडं यावं लागतं आणि बघायची सवय व्हायला दोन-तीन संध्याकाळी जातात, त्यानंतर दहावीचं मूलसुद्धा आरामात करतं.